कापसाचा फोटो, कापसावर!

हात धुतलेत? पुसलेत? नीट कोरडे झालेत? मग या, बसा, आणि हा कागद घ्या! चिमटीत नको, दोन्ही तळव्यांवर घ्या, कडांना धरून. आता जरासा हलवा. ऐकलंत? फडफड नाही! नुसता एक जाड, दबका 'ठप्प'! आता अंगठा हळूच कोपऱ्यावरून फिरवा. कोपऱ्यावरूनच हं, मधे बोट लावायचं नाही! कसा लागतोय? धुऊन धुऊन मऊ पडलेल्या आजोबांच्या धोतरासारखा! आणि कागद आहे हो हा! फोटो छापायचा कागद!

मी यातला जाणकार नाही, हे आधीच सांगतो. भाषा शिकवतो, आणि फोटो काढायची आवड आहे, एवढंच. काढलेले फोटो मोबाइलमध्येच राहायचे, घरच्या कार्याचे तेवढे अल्बमात जायचे, आणि अल्बमचा कागद म्हणजे तो चकचकीत, ज्याच्यावर माणसांच्या आधी ट्यूबलाइट दिसते! फोटोचा कागद असाच असतो, असं मी धरून चाललो होतो. आणि मग सेलूच्या माझ्या स्टुडिओवाल्या मित्रानं जाड फाइन आर्ट कागदाच्या नमुन्यांचं पाकीट मागवलं, आणि कुरिअरवाल्यानं ते आमच्या देवगाव फाट्यावर उतरवलं, आणि मित्र फोनवर म्हणाला, 'सर, येताना घेऊन या, पण वाकवू नका आणि उन्हात ठेवू नका', आणि मग मला कुठला धीर धरवतोय! 'उघडून पाहू का?' विचारलं. 'पाहा, पण हात धुवा!' म्हणाला.

देवगाव फाटा पाहिलाय का? एक रस्ता सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्यावरून जालन्याला. हॉटेलं, टपऱ्या, एसटीची वाट पाहणारी माणसं, आणि दिवाळी सरली की कापसानं फुगलेले, दोन्ही बाजूंनी पोट सुटलेले टेम्पो! हे टेम्पो तेवढे लक्षात ठेवा. कारण मी हॉटेलातल्या कोरड्या टेबलावर पाकीट उघडलं, पहिल्याच पानाचं लेबल वाचलं, आणि जागचा उठलोच! ३०८ जीएसएम. शंभर टक्के कापूस!

कापूस! जर्मनीतल्या हानेम्यूले नावाच्या गिरणीचा कागद, जी गिरणी १५८४ साली सुरू झाली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या ४६ वर्षं आधी! दुसरं पान फ्रान्सच्या कॅन्सनचं, ते तर स्वतःचा वंश १५५७ पर्यंत नेतात! आणि एवढ्या लांबून, एवढ्या जुन्या घराण्यांतून आलेली ही पानं कशाची? तर कापसाची! आणि मी बसलोय कुठं? देवगाव फाट्यावर! समोरून टेम्पो चाललाय, जाळीतून सुटलेली बोंडं डांबरावर पडतायत, आणि माझ्या हातात तोच कापूस, सपाट होऊन, परदेश पाहून आलेला! तोच म्हणजे अगदी आपल्या शिवारातला असं नाही म्हणत मी. पण जात तीच! पीक तेच!

आणि मग प्रश्नांमागून प्रश्न! कापसाचं सूत होतं, कागद कसा होतो? जिनिंगमध्ये काम केलेल्या एका ओळखीच्या काकांना विचारलं. त्यांनी काही सांगितलं नाही, मूठभर सरकीच हातावर ठेवली! 'नखानं खरवडा.' खरवडली. सरकीवर ती बारीक लव असते ना, राखाडी-पांढरी, बिलगून बसलेली? जिनिंगमध्ये लांब धागा निघून जातो, आणि ही काही मिलिमीटरांची लव मागं उरते. सूत काढायला ती आखूड. पण कागदाला तीच हवी! तिला लिंटर म्हणतात. आणि कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, नव्वद टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त! लाकडात ते निम्मंच भरतं, बाकीच्यात लिग्निन येतं, आणि या लिग्निनमुळंच उन्हात राहिलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं! मी इतकी वर्षं ते पिवळं पडताना पाहतोय, आणि कारण आत्ता कळतंय!

थांबा, आता खिशात हात घाला. नोट काढा! कुठलीही चालेल, दहाचीसुद्धा. हिचा कागदही शंभर टक्के कापसाचा! रिझर्व्ह बँकच तसं सांगते. म्हणजे कापसाचा कागद आपण सगळे रोज हाताळतोय, घामेजल्या खिशात कोंबतोय, आणि पँटबरोबर धुतली गेली तरी नोट वाळून परत कामाला लागते! नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतायत. छापखाना माहीत होता, नोटा माहीत होत्या, कापूस तर जन्मापासून माहीत होता, आणि या तिघांना मी कधी एका जागी आणून पाहिलंच नव्हतं!

नोटेवरूनच पुढचा उद्योग सुचला. हॉटेलच्या गल्ल्याशेजारी नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना? मित्रानं फोनवरच सांगितलं, की काही कागदांत पांढरेपणा वाढवणारं रसायन घालतात, धुण्याच्या पावडरीत असतं त्या जातीचं. अदृश्य अतिनील किरण शोषायचे आणि निळसर उजेड बाहेर टाकायचा, म्हणजे डोळ्याला कागद लख्ख वाटतो. पण वर्षं जातात तसा या रसायनाचा जोर ओसरतो आणि कागदाचा रंग बदलल्यासारखा दिसतो. मग मी गल्ल्यापाशी! 'काय पाहायलेत सर नोटांच्या मशिनीत?' मालकांनी विचारलं. 'कागद!' म्हटलं, आणि मग तेही पाहायला लागले, आणि त्यांचा मुलगाही आला!

आधी बिलाचा कागद धरला. भडक निळा! झेरॉक्सचा कागद धरला. त्याहून निळा, डोळे दिपले! नोट धरली. नोट काळोखीच राहिली, नुसते नंबर आणि बारीक तंतू तेवढे चमकले! (हे मालकांना ठाऊक होतं, मला नव्हतं.) आणि मग नमुन्यांची पानं एकेक. एक जरा निळसर. दुसरं त्याहून कमी. आणि एक पान असं, की दिव्याखाली धरलं तरी गप्प! नोटेसारखंच गप्प! त्याच्यात ते रसायन नाही. उजेडात नेलं तर त्याचा पांढरा किंचित पिवळ्याकडं झुकलेला. आणि मला तोच आवडला! शेतातला कापूस तरी कुठं निळा-पांढरा असतो? वेचणीच्या वेळी ओंजळीत घ्या, उन्हात धरा, नेमका हाच रंग!

आता जाडी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८०, आणि हा ३०८, म्हणजे चौपट! पण वजन वेगळं आणि जाडी वेगळी, हे कोणी सांगितलं होतं? दाबून दाबून तुळतुळीत केलेला कागद वजनाला भारी भरतो आणि मापाला पातळ निघतो! म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज मागून आणला. अकरावीची पोरं ज्यानं तारेची जाडी मोजतात, तोच! झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर. आणि हे पान ०.४८! जवळजवळ अर्धा मिलिमीटर! एक सांगतो, मोजताना रॅचेटचा पहिला 'टक' ऐकू आला की थांबा. आणखी पिळलं तर कापूस दबतो, माप कमी येतं आणि कागदावर गोल वळ उमटतो. नमुन्याचं पान असलं तरी जीव हळहळतो हो!

आणि मग टॉर्च! दिवा मालवा, कागद टेबलावर ठेवा, आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, कागदाला टेकून धरा. अबब! समोरून सपाट दिसणाऱ्या पानावर डोंगर-दऱ्या! बारीक उंचवटे, त्यांच्या सावल्या, आणि कुठंही एकसारखी नक्षी नाही! ओला लगदा पसरून त्यातलं पाणी काढताना लोकरीचा नमदा त्याच्यावर दाबतात, त्याचा हा ठसा. एका पानावर ठसा ठळक, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीच. मी ही दोन पानं आडव्या उजेडात किती वेळ फिरवत बसलो, काय सांगू!

पण कागद कितीही गोड असला तरी छापल्याशिवाय काय खरं? मग सेलू! मित्राच्या स्टुडिओत पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंटर आहे. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिसूक्ष्म कण, शाईत विरघळलेले नाहीत, तरंगणारे. साध्या कागदावर शाई आत झिरपते, पसरते आणि रंग फिका पडतो. म्हणून या कागदावर एका बाजूला सिलिकाचा एक पातळ लेप असतो, सूक्ष्म छिद्रांचा, जो पाणी खाली जाऊ देतो आणि रंग वर धरून ठेवतो. कुठल्या बाजूला लेप आहे हे ओळखायचं कसं? बोट किंचित ओलसर करून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्याला लावायचं. जिथं बोट हलकंसं चिकटतं, ती बाजू! एवढंच! इतकं सोपं!

मित्रानं आधी मऊ ब्रश घेऊन कागद झाडला. मी म्हटलं, नवा कागद झाडताय कशाला? तर कापसाच्या कागदावर सुटा तंतू राहिला आणि शाई त्याच्यावर पडली, की नंतर तंतू गळतो आणि फोटोत पांढरा ठिपका राहतो! काळ्या भागात तर लांबूनही दिसतो. मग पान मागच्या बाजूनं, एकेकटं, सरळ वाटेनं आत सरकवायचं, कारण हा कागद रोलरभोवती वळत नाही. मग प्रिंटरला सांगायचं की कागद जाड आहे, म्हणजे शाईचं डोकं जरा वर उचललं जातं, नाहीतर ते कागदावर घासून डाग पडतात. मग मॅट काळी शाई निवडायची, चकचकीत कागदाची काळी वेगळी आणि ही वेगळी! आणि मग त्याच कागदासाठी, त्याच प्रिंटरसाठी कंपनीनं दिलेलं आयसीसी प्रोफाइल लावायचं, म्हणजे कुठला रंग किती सोडायचा याचा हिशेब प्रिंटरला कळतो. आणि मग 'प्रिंट'! आणि मग वाट पाहायची! डोकं इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि प्रत्येक फेरीला एक अरुंद पट्टी पुढं येते, आणि प्रत्येक थेंब काही पिकोलिटरचा! एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग! मोजणारी माणसं धन्य!

फोटो कुठला छापला? फुटलेल्या बोंडाचा! आमच्या शिवारातलाच, सकाळच्या उन्हातला. पऱ्हाटी, वाळलेली टरफलं, आणि मधे तो भरगच्च पांढरा कापूस.

आता जवळ या. अजून जवळ. हे भिंग घ्या आणि कापसावर धरा. काय दिसतं? टरफलावर रंगांचे ठिपके, पानावर ठिपके, कापसाच्या सावलीत विरळ करडे ठिपके, आणि जिथं कापूस सगळ्यांत पांढरा, तिथं? काहीच नाही! एकही ठिपका नाही! या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच! जिथं पांढरं दाखवायचं, तिथं प्रिंटर काहीच करत नाही, कागद उघडा सोडतो! म्हणजे फोटोतला कापूस शाईचा नाही! तो कापूसच आहे! कापसाच्या फोटोत कापसाच्या जागी कापूस! वर लेपाचा पापुद्रा आहे, कबूल. पण त्याच्याखालून जो पांढरेपणा डोळ्यांत येतोय तो कुठून तरी वेचलेल्या कापसाचा आहे, कुणीतरी कमरेला ओटी बांधून बोटं खरचटत वेचलेल्या! मी स्टुडिओत मोठ्यानं ओरडलोच! मित्र आतून धावत आला. त्यानं आजवर शेकडो फोटो छापलेत, पण हे पाहून तोही भिंग घेऊन बसला!

काळ्याचंही बघा. त्यासाठी वालूरची बारव घेतली. वालूर आमच्या सेलू तालुक्यातलं, आणि तिथली चक्राकार बारव, पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्याकडं उतरतात! गावकऱ्यांनी राबून साफ केलेली. दगड काळा, सावली त्याहून काळी, आणि खालचं पाणी सगळ्यांत काळं. चकचकीत कागदावर हा काळा फार खोल जातो, मॅट कापसावर तेवढा जात नाही, हे खरं आहे आणि मी लपवणार नाही. सावलीतल्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या. मित्रानं सावल्या जराशा उजळल्या, पुन्हा छापलं, आणि पायऱ्या सुट्या झाल्या! आणि मग ठळक ठशाच्या कागदावर तीच बारव! दगडाचा खडबडीतपणा कागदाच्या खडबडीतपणात असा जाऊन बसला, की दगड कुठं संपतो आणि कागद कुठं सुरू होतो ते डोळ्याला कळेना! पण त्याच कागदावर माझ्या भाचीचा चेहरा छापला तर गालावर उगाच खरखर. चेहऱ्याला गुळगुळीत कापूसच हवा. माझा कौल सांगू? दगडाला, मातीला, भिंतीला, झाडाच्या सालीला ठशाचा कागद. माणसाला आणि बोंडाला गुळगुळीत. आणि लग्नातल्या जरीच्या शालूला? त्याला तो चकचकीतच बरा! जर मॅटवर मरते.

एका पानाच्या किमतीत फाट्यावर पोटभर जेवण होईल, म्हणून ऊठसूट छापण्याचा हा कागद नव्हे. आधी लहान तुकड्यावर छापून पाहायचं. छापल्यावर फ्रेमची घाई करायची नाही, रात्रभर तरी मोकळं ठेवायचं. आणि वरून नख लावायचं नाही! मॅट पृष्ठभाग फार नाजूक, ओरखडा उठला की उठलाच. म्हणून हातमोजे घालायचे. कशाचे? कापसाचे!

आणि एक गोष्ट तर मला आत्ता आत्ता कळलीय, सांगितल्याशिवाय राहवत नाही! इंकजेटवर कलाकृती छापायची वाट ज्यांनी पाडली त्यांत एक गायक होता! ग्रॅहॅम नॅश, 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश' या बँडमधला. त्याला स्वतः काढलेले फोटो मोठे आणि देखणे छापायचे होते. १९९० च्या सुमारास त्यानं आयरिस ३०४७ नावाचं यंत्र घेतलं, किंमत १ लाख २६ हजार डॉलर! आणि अडलं कुठं? जाड कागदापाशी! त्या यंत्रात जाड कागद मावेना! मग त्याच्या मंडळींनी काय केलं? करवत घेतली आणि यंत्राचा आडवा येणारा भाग कापून टाकला! नव्या कोऱ्या यंत्रावर करवत! कागदासाठी! ते यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला त्या करवतीचा आवाज येतो हो!

आता म्हणाल, सगळं बाहेरचंच का? नाही! आपल्याकडं बघा! दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कागद करणाऱ्यांनी हे गाव वसवलं, असं सांगतात. चिंध्या कुटायच्या, लगदा पाण्यात ढवळायचा, साच्यावर एकेक पान उचलायचं, वाळवायचं, खळ लावायची आणि दगडानं घोटून तुकतुकीत करायचं! हे आपल्या मराठवाड्यात! आणि पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, गांधीजींच्या प्रेरणेनं के. बी. जोशींनी उभी केलेली. जुने मोडी दस्तऐवज असल्याच हाताच्या कागदांवरचे, आणि दोनशे-अडीचशे वर्षांनंतरही पुण्याच्या पेशवे दफ्तरात वाचता येतात!

मग मी एक हातकागद मिळवला आणि मित्रापुढं धरला. त्यानं चांगल्या प्रिंटरला हात लावू दिला नाही, कारण विरविरीत कडा शाईच्या डोक्यात अडकतात. कडा कापल्या, भरपूर झाडला आणि जुन्या प्रिंटरवर छापला. लेप नाही, त्यामुळं शाई आत गेली, काळा करडा झाला, रंग मवाळ झाले. बारव काही जमली नाही. पण भाचीचा चेहरा! जुन्या वाड्यातल्या फ्रेममधून बाहेर आल्यासारखा! मला तो जर्मन कागदावरच्या प्रिंटपेक्षा तसूभर जास्त आवडला, आणि मित्राला अजिबात नाही, आणि आमचा वाद अजून चालू आहे!

आता दोन कामं हातात आहेत. एक तर दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेवर नमुन्यांच्या पट्ट्या लावल्यात, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेला, आणि शेजारी वर्तमानपत्राचा एक तुकडा. आपल्याकडचा उन्हाळा जाऊ दे, मग पुठ्ठा काढून कोण किती उडालं ते पाहू! तुम्हीही लावा ना एखादी पट्टी! आणि घरी ठेवलेल्या लग्नपत्रिका, मुलांची प्रमाणपत्रं, जे हाती लागेल ते जांभळ्या दिव्याखाली धरून पाहा, काय काय निळं निघतं ते!

आणि दुसरं काम मोठं आहे. जिनिंगवाल्या काकांनी सरकीची लव साठवून द्यायचं कबूल केलंय. ती घेऊन कागजीपुऱ्याला जायचं, तिथल्या कारागिरांना विचारायचं, की आमच्या कापसाचं एक, फक्त एक पान उचलून द्याल का? जाड, तीनशे जीएसएमच्या घरातलं. मिळालं तर त्याच्यावर तेच बोंड छापायचं, ज्या शिवारात फोटो काढला त्याच भागातल्या कापसावर! शाई झिरपू नये म्हणून आधी कशाची खळ लावायची ते मित्र शोधतोय. जालन्यावरून जाऊ, सकाळी लवकर निघू. गाडीत एक जागा आहे. फक्त मागच्या सीटवर लवेचं गाठोडं असेल, ते तेवढं मांडीवर घ्यावं लागेल!